मदत हवी आहे: विमानातून शोध घेणारी नजर तयार कशी करायची?

नमस्कार मंडळी, आम्ही काही हौशी वैमानिक मिळून आपत्तीच्या वेळी बचाव पथकांना मदत करणारा स्वयंसेवी गट उभा करतोय. विमान चालवणारे आहेत. अडचण आहे ती खाली बघणाऱ्यांची.

सेस्ना १७२ या छोट्या विमानाचे पंख वर असल्याने खालचं छान दिसतं. पण हजार फुटांवरून ९० नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळपास ४६ मीटर पुढे जाताना माणूस जेमतेम ठिपक्याएवढा असतो. नजर सलग फिरवली तर तो हमखास सुटतो. ती टप्प्याटप्प्याने थांबवत न्यावी लागते, आणि नव्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. थोड्या वेळात डोळे थकतात, वळणावर खाली बघताना मळमळतं, आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही. मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण खालच्या जमिनीचा तो पट्टा तपासला असं आपण धरून चालतो.

अमेरिकेत १९४१ साली सुरू झालेल्या सिव्हिल एअर पेट्रोल या स्वयंसेवी हवाई संस्थेत स्कॅनरचं, म्हणजे विमानातून खाली बघून शोध घेणाऱ्याचं, प्रशिक्षण वेगळं असतं. तसं काही आम्हालाही बसवायचंय. उड्डाण महाग, म्हणून बराचसा सराव जमिनीवरच करून घेता येईल का? मळमळ होणाऱ्याला किती वेळाने विश्रांती द्यावी? आणि पुराचे फोटो काढताना जागा व दिशा कशी नोंदवता, म्हणजे खालच्या पथकाला ते लगेच वापरता येतील?

ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.