नवशिक्यांना एअर रायफल शिकवण्यासाठी पात्रता आणि शुल्क

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : मी राज्य पातळीवर १० मीटर एअर रायफल स्पर्धा खेळले आहे. आता शाळकरी मुलांना शिकवायचे आहे. त्यासाठी कोणते प्रमाणपत्र लागेल? महिन्याला २,००० रुपये मागणे योग्य ठरेल का?

उत्तर : ताई, स्पर्धेचा अनुभव मोलाचा असला, तरी शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे प्रशिक्षक अभ्यासक्रम डी, सी, बी, ए अशा चढत्या श्रेणींचे आहेत. सुरुवात डी श्रेणीपासून करावी. शस्त्र कायदा, १९५९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, मात्र प्रशिक्षणापुरती वेगळी तरतूद आहे. म्हणून पुढे .२२ रायफल (हवेवर नव्हे, तर काडतुसावर चालणारी रायफल) शिकवण्याचा विचार असेल, तर परवानाधारक रेंजशीच जोडून घ्या.

दुसरे उत्तर : शुल्क ठरवताना छर्रे, कागदी टार्गेट आणि रायफलची देखभाल यांचा खर्च वेगळा दाखवा, म्हणजे पालकांशी वाद होत नाहीत. माझ्या मते एका प्रशिक्षकाकडे एका वेळी चारपेक्षा अधिक नवशिके नसावेत. शुल्क थोडे जास्त घ्या, पण तुकडी वाढवू नका. पहिल्या आठवड्यात छर्रा हाती देऊच नये. बोट ट्रिगरबाहेर, नळी टार्गेटकडे आणि आज्ञा मिळताच रायफल रिकामी करून ओट्यावर ठेवणे, एवढेच अंगवळणी पडू द्या. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सराव संपल्यावर मुलांनी साबणाने हात धुतले की नाही, हे स्वतः पाहा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. चारच मुलांची तुकडी घेईन आणि छर्ऱ्यांचा हिशेब वेगळा ठेवीन.