मास्तर वर्गात कमी, पोर्टलवर जास्त. चूक कोणाची?

दोनशिक्षकी (आर्णी तालुका, यवतमाळ)
पहिली ते चौथी, शिक्षक दोन. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने ६० मुलांपर्यंत दोनच मिळतात, त्यामुळे तक्रार पदांची नाही. एक जण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादी घेऊन गावात फिरतो, दुसरा चारही वर्ग एका खोलीत बसवतो आणि मधेच पोर्टलवर यू-डायस (शाळेची आणि मुलांची सरकारी माहिती), आधार दुरुस्ती, पोषण आहाराची रोजची नोंद भरतो. रेंज मिळाली तर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कारकून नसतोच. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नका. पण पोर्टल भरणं हे ‘शाळेचंच काम’ धरलं जातं, मग कलम आड येतंच कुठे? केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावरच्या अधिकाऱ्यांचा, निरोप ग्रुपवर येतो: आज पाचपर्यंत, शंभर टक्के. चौथीतल्या ज्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही, त्याच्यासाठी असा निरोप कधी आलेला नाही.

कास्तकार पालक, दारव्हा
सर, राग येऊ देऊ नका. नोंद नसती तं आमच्या पोरीची शिष्यवृत्ती कुठून आली असती? तिचं आधार जुळलं नाही म्हणून पैसे अडकले होते, ते मास्तरनंच दुरुस्त केलं. अन् पोर्टल नव्हतं तवा सारे मास्तर वर्गातच बसत होते काय? गावातले अर्धे पोट्टे कान्व्हेंटच्या गाडीनं जातात, ते काही काल-परवापासून नाई.

माजी मुख्याध्यापिका, वर्धा
पोषण आहारात तांदळाचा हिशोब मुलामागे १०० ग्रॅम. रजिस्टरवर पट फुगवून तो कुठे जायचा, हे गावाला ठाऊक होतं. रोजची नोंद त्यासाठीच आली, ती राहू द्या. मात्र तीच माहिती तीन ठिकाणी भरायला लावतात, तिथे भांडा. निवडणुकीचंही तसंच: मतदार यादीचं काम सुट्टीच्या आणि बिनअध्यापनाच्या दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. किती संघटनांनी तो निकाल तहसीलदारांच्या टेबलावर ठेवला?

दोनशिक्षकी
ठेवला तरी यादीचं काम ‘तातडीचं’ असतं, बाई. नकार दिला की नोटीस. शिष्यवृत्तीचं मान्य, ते काम व्हायलाच हवं. पण केंद्रामागे एक ऑपरेटर दिला तर दहा-बारा शाळांची नोंद तो करेल. चार-पाच दिवसाआड आमच्या शाळेत आला तरी चालेल.

कास्तकार पालक, दारव्हा
ऑपरेटर आला अन् मास्तर तरीबी वर्गात नाई दिसले तं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आम्ही पालक असतो, पण सभेत फक्त सह्या घेता. या महिन्यात कोण कोणत्या दिवशी कशासाठी बाहेर होतं, ते तिथं वाचून दाखवा. मग आम्हीच पंचायत समितीत येतो तुमच्यासंगं.

दोनशिक्षकी
वाचतो. आदेशाची पत्रं आवक रजिस्टरला आहेत, तोंडी आदेशांचं काय करू ते सांगा.

माजी मुख्याध्यापिका, वर्धा
तारीख टाकून तेही लिहा. मी लिहीत होते. साहेबांना आवडायचं नाही.