कवितेखाली 'अप्रतिम' लिहिणारे आपण ती कविता वाचतो का?

जुना बुधवार:

गेल्या मंगळवारी रात्री आमच्या कोल्हापूरकडच्या कवींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक कविता टाकली. रंकाळ्यावरची, चार कडव्यांची. कॉपी करताना तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ गळाली. कडव्याचं क्रियापद त्याच ओळीत होतं. त्यामुळं 'आणि पाण्यावरून सरकत सरकत' एवढ्यावर वाक्य अधांतरी राहिलं. सकाळी उठून बघतो तर सव्वीस प्रतिसाद. 'अप्रतिम', 'निःशब्द', 'काळजाला भिडली', फुलं, जोडलेले हात. एकानं तर तिसरं कडवं विशेष आवडल्याचं कळवलं होतं. ओळ गेलीय हे सव्वीसपैकी एकानंही विचारलं नाही.

राग आला नाही, पोटात धस्स झालं. कारण या सव्वीस जणांच्या कवितांखाली वर्षभर मीही हेच लिहीत आलोय. परवा एका ताईंनी वडील गेल्यावरची कविता टाकली, तर ती पूर्ण न उलगडता मी 'व्वा ताई!' लिहून मोकळा झालो. रात्री नीट वाचली तेव्हा मान वर करवेना. बापाच्या चपलांवर लिहिलेल्या कवितेला 'व्वा'?

आपण सगळे नोकऱ्या-धंदे सांभाळून लिहिणारे. मासिकाकडं पाठवलेल्या कवितेला बहुतेकदा उत्तर येत नाही. घरात ऐकवावी तर 'जेवण झाल्यावर बघू'. म्हणजे आपल्या ओळींना वाचक मिळायची जागा ही एवढीच. तिथंही न वाचता शाबासकी वाटायला लागलो तर या माणसांनी जायचं कुठं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. स्वतःची एक कविता टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या दोन वाचायच्या, आणि प्रत्येकीखाली एक तरी नेमकं वाक्य लिहायचं. कुठला शब्द लागला, कुठं अडखळलो, काय कळलं नाही. आणि 'अप्रतिम' हा शब्द ग्रुपवर बंद. ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा, पण कारण द्या.

राधानगरी रोड:

मला पटत नाही, आणि कारण माझ्या घरातलं आहे.

माझी आई बावन्नाव्या वर्षी लिहायला लागली. शाळा चौथीपर्यंत. आयुष्य भाताच्या रानात, तरवा म्हणजे भाताची रोपं लावण्यात गेलं. गेल्या पावसाळ्यात तिनं वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या आणि मला म्हणाली, तुझ्या त्या लोकांना दाखव.

तरव्यावानी मला एका रानातनं काढली
दुसऱ्या रानात नेऊन चिखलात लावली

मी तिच्या नावानं ग्रुपवर टाकल्या. दहा मिनिटांत एका जाणकारांचं उत्तर आलं: 'अक्षरं मोजा. ओवी आहे की अष्टाक्षरी ते आधी ठरवा. छंद शिका, मग लिहा.' ते गृहस्थ वाईट नाहीत, त्यांनी नेमकंच सांगितलं, दादा तुम्ही म्हणताय तसंच. आईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, 'बरं' म्हणाली आणि वही तांदळाच्या डब्यामागं सारली. तीन महिने बाहेर काढली नाही.

जात्यावर दळताना बायकांनी ओव्या गायल्या, तेव्हा शेजारणीनं अक्षरं मोजली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी फिरून त्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. त्यांतली एकेक बाई पहिली ओवी म्हणताना चुकलीच असेल. समोर बसलेली 'व्हय गं बाई' म्हणाली म्हणून ती दुसरी म्हणाली. तुमचं 'अप्रतिम' म्हणजे तेच 'व्हय गं बाई' आहे. दारात आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो, मग कुठून आलात विचारतो. तो तांब्या बंद करायचा म्हणताय तुम्ही.

लगावली:

ताई, आईंच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं. पण एका माणसाच्या तोडून बोलण्यावरून चूक सांगणंच वाईट ठरवू नका. मी गझल लिहितो, त्यामुळं माझ्या वहीतलं उदाहरण देतो.

२०१९च्या पुरात आमच्या घरात साडेचार फूट पाणी होतं. त्यावर शेर लिहिला. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लगागा ही लगावली (ल लघू अक्षर, गा गुरू) चार वेळा. पहिली ओळ जमली: 'नदीला कधी दोष मी देत नाही'. दुसरी अशी लिहिली होती: 'पुराचा डाग भिंतीवर अजून आहे'. ग्रुपवर पन्नासेक जणांनी दाद दिली. गडहिंग्लजच्या एका सरांनी मात्र रात्री साडेदहाला फोन केला. म्हणाले, 'पुराचा'नंतर लघू हवा, तुमचा 'डा' गुरू आहे, ओळ तिथंच फसकन बसते. तुम्ही ओठांत म्हणून बघा, पाय मुरगळल्यासारखं होतंय की नाही?

म्हणून बघितलं. होत होतं. मग तीन दिवस ती लगावली डोक्यात घेऊन दुकानात बसलो. लघूनं सुरू होणारा शब्द हवा होता. तिसऱ्या दिवशी 'तसा' सापडला.

नदीला कधी दोष मी देत नाही
पुराचा तसा डाग भिंतीस आहे

आता फरक बघा. 'अजून आहे' मध्ये नुसती तक्रार होती. 'तसा डाग आहे' म्हटल्यावर माणूस कबूलही करतो आणि सोडूनही देतो. पुरानंतर इथला माणूस असाच बोलत होता, 'तसं नुकसान झालंय, पण चाललंय.' हा 'तसा' मला भावनेनं दिला नाही, मात्रेच्या अडचणीनं दिला. सरांनी त्या रात्री 'व्वा' म्हणून फोन ठेवला असता तर माझा शेर आयुष्यभर मुका राहिला असता.

कोल्हापुरात बसून तर आपण छंदाला नाकं मुरडू नयेत. माधव ज्यूलियन इथं राजाराम कॉलेजात फारसी शिकवत होते, आणि 'छंदोरचना' या आपल्या छंदशास्त्राच्या ग्रंथाची सुधारून वाढवलेली आवृत्ती त्यांनी १९३७ साली काढली. त्याआधी पुण्यात त्यांच्या रविकिरण मंडळाचे कवी एकमेकांच्या घरी जमून कविता वाचत आणि चर्चा करत. पुढं सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती नवशिक्यांसाठीच, आणि नव्या गझलकारांना ते पत्रातून दुरुस्त्याही कळवत. एवढा मोठा कवी दुसऱ्याच्या कच्च्या ओळीवर आपला वेळ घालवत होता. मला यात दुसऱ्याबद्दलचा आदर दिसतो. आपण एक अंगठा टाकून सुटतो, त्यात आदर कुठं आहे?

तिसरी पाळी:

शिरोलीला फौंड्रीत आहे. रात्री तीनला चहाच्या सुट्टीत ग्रुप बघतो. हातमोजे काढून दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात कुणाच्या मात्रा मोजू? अंगठा टाकतो तो 'पोचलं' म्हणून टाकतो. पुराच्या वेळी इथं लोकांनी कविता टाकल्या, तेव्हा खाली उत्तरं आली होती, 'कुठं आहेस, पाणी कुठवर आलंय, मुलं कुठं आहेत?' त्या आठवड्यात कविता म्हणजे खुशालीची चिठ्ठी होती. सगळ्या कविता दुरुस्तीसाठी टाकलेल्या नसतात, भावांनो.

डफ आणि तुणतुणं:

मी दोन्हीकडचा न्हाई. माझे आजोबा शाहिरी करायचे, त्यामुळं मला वेगळंच खुपतंय.

कलगी-तुऱ्यात, म्हंजे दोन शाहिरी फडांच्या सामन्यात, एकानं कूट, म्हंजे कोडं घातलं की दुसऱ्यानं जागेवर कवनातच सोडवायचं. न्हाई सुटलं तर चारशे माणसांसमोर फजिती. ह्यापेक्षा कडक टीका कुठली? तरीबी रात्रभर भांडलेले दोन्ही फड पहाटे एका पंगतीला जेवायचे. का? तर तोंड दिसत होतं, आवाज कानावर पडत होता. 'चुकलास गड्या' हे हसून म्हटलेलं आणि फोनवर लिहिलेलं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक हाय. लिहिलेल्याला चाल नसती. ताईंच्या आईला त्या मास्तरांनी समोर बसून सांगितलं असतं, तर पहिल्यांदा ते म्हणाले असते, 'मावशी, जरा म्हणून दाखवा की.' आणि म्हणून दाखवल्यावर अक्षरं मोजायची पाळीच आली नसती, कारण ओवी गळ्यात बसती, कागदावर न्हाई. संत बहिणाबाईंनी तुकोबांचे अभंग ह्याच कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकले. कानानं ऐकले, आणि ऐकून घरचा मार खाऊन लिहित्या झाल्या.

माझं मत असं की कविता आवाजात टाका. आणि दाद, चूक, जे काय असंल ते आवाजातच सांगा. बघा, 'अप्रतिम' म्हणायला जीभच उचलणार न्हाई न वाचता.

जुना बुधवार:

आवाजाची गोष्ट मनापासून पटली. पण माझ्यासारखे पुष्कळ जण डोळ्यांनी वाचायच्या कविता लिहितात, ओळ कुठं तोडली यावर त्यांचं अर्धं काम चालतं. ते आवाजात जाईल.

राधानगरी रोड, तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. ज्यानं त्यानं कवितेवरच लिहावं: 'सूचना चालतील' किंवा 'फक्त वाचा'. पहिलं असेल तिथं मोकळेपणानं सांगू. दुसरं असेल तिथं तुमचा तांब्या.

राधानगरी रोड:

दादा, ते तर आणखी वाईट. मग ग्रुपवर दोन पंगती पडतील. एक पक्क्या कवींची, आणि एक 'यांना काही बोलू नका हं' अशांची. माझ्या आईला दया नको आहे.

मी मघाशी अर्धंच सांगितलं. तीन महिन्यांनी वही बाहेर आली, आणि ती कौतुकामुळं आली नाही. आजऱ्याकडच्या एका नर्सताईंनी जुने मेसेज बघताना त्या दोन ओळी वाचल्या आणि मला विचारलं, 'तरवा उपटल्यावर मुळं पाण्यात झाडतात ना? मग पहिल्या रानातली माती सगळी जाते का?' एवढंच. छान नाही, चूक नाही. मी आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे ठेवून म्हणाली, 'सगळी कशी जाईल?' आणि संध्याकाळी पुढच्या दोन ओळी आल्या.

तरवा गं उपटला, मुळं पाण्यात झाडली
झाडली तरी बाई... थोडी माती संगं आली

त्या नर्सताईंना छंदातलं काही कळत नसेल. पण त्यांनी आईचं रान बघितलं, तिची वही तपासली नाही. तुम्ही 'नेमकं सांगा' म्हणताय, त्यात सांगणारा वर बसतो. विचारणारा शेजारी बसतो. मला हवंय ते शेजारी बसणं.

लगावली:

ताई, ओळी वाचून गप्प बसलो होतो, म्हणून उशिरा लिहितोय.

तरीही माझा मुद्दा सोडत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशातून संग्रह काढला. तीनशे प्रती. दहा वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना 'छान' म्हटलं होतं, मीही. प्रत्येक कवितेत तीच चार फुलं आणि तोच चंद्र आहे, हे एकानंही त्यांना सांगितलं नाही. दोनशेवर प्रती आज माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवल्यात. मागच्या दिवाळीला त्यांनी मला विचारलं, 'तुम्हांला कवितेतलं कळतं, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?' मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न विचारून सगळं भागतं असं मला वाटत नाही. 'डा'च्या जागी लघू हवा, हे कुणीतरी सांगायलाच लागतं. ते मी सांगत राहणार. एवढं मात्र करीन की आधी ओळ म्हणून बघेन, मग 'बोललो तर चालेल का' असं खासगीत विचारेन, आणि चारचौघांत काही लिहिणार नाही.

आईंच्या ओळींत मला दुरुस्त करायचं काही नाही. पण एक विचारायचं आहे. 'झाडली तरी बाई' यानंतर त्यांनी तीन टिंबं दिलीत. म्हणताना त्या तिथं खरंच थांबतात का? आणि एवढा वेळ का थांबतात?

राधानगरी रोड:

टिंबं मी घातली होती, कारण ती तिथं थांबली होती. का थांबली ते आत्ता विचारून आले.

म्हणाली, 'तिथं तरव्याची मूठ बांधायची असती न्हवं.'

डफ आणि तुणतुणं:

मावशींच्या आवाजात टाका की, ताई. मूठ बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून.