क्वेर्सेटिनच्या सामूहिक खरेदीबाबत

बी-304: नमस्कार. ए-502 यांच्या पुढाकाराने क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलची जी एकत्रित मागणी नोंदवली गेली, त्यातील एक डबी सासूबाईंनीही घेतली आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना दहा दिवस रोज 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली, हे मला आज त्यांचा औषधांचा डबा आवरताना समजले. यादी करताना चालू औषधांची चौकशी कोणी केली होती का?

ए-502: वहिनी, आपली काळजी रास्त आहे, परंतु हा घटक कांद्यात, सफरचंदात आणि चहातही असतो. वनस्पतिजन्य आहे, अपाय संभवत नाही.

सी-101: कण्हेरही वनस्पतिजन्यच आहे, काका.

ए-502: पार्किंगचा राग कृपया येथे काढू नये.

ए-403 (डॉक्टर): शंभर ग्रॅम कांद्यातून साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन मिळते, म्हणजे एका कॅप्सूलसाठी सव्वा ते अडीच किलो कांदा खावा लागेल. वहिनी, कॅप्सूल आजच थांबवा, कारण तिच्यामुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. वॉरफरिन मात्र परस्पर बंद करू नका आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून घ्या.

बी-202: मग लासलगावहून पोतेच मागवायला हवे होते. कमिटीने विचार करावा.

सी-703: माझ्या शिंका या कॅप्सूलनेच थांबल्या, हे नम्रपणे नमूद करते.

सी-101: काकू, त्याच आठवड्यात जिन्यातील रंगकामही संपले होते.

ए-502: पुन्हा सांगतो, वनस्पतिजन्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2010 मध्ये यावर आक्षेप घेतलेला नाही.

ए-403 (डॉक्टर): ते उत्तर खाद्यपदार्थांत एका वाढपामागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्वेर्सेटिन घालण्यापुरते होते, त्यातून कोणताही आजार बरा होतो असे सिद्ध होत नाही, किंवा ते वॉरफरिनसोबत चालते असेही नाही. काही चाचण्यांत रक्तदाब किंचित उतरलेला दिसला, एवढेच. अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे, ते सर्वांनी आपापल्या डबीवर वाचावे.

ए-502: तरीही वनस्पतिजन्य आहेच.

बी-304: रक्त तपासणीला दिले आहे. उरलेल्या पन्नास कॅप्सूल आपल्या नावाने वॉचमनकडे ठेवल्या आहेत.

ए-502: वहिनी, उघडलेल्या डबीचे पैसे परत मिळत नाहीत, हे यादीच्या वेळीच कळवले होते.