मदत हवी आहे : पिग्मी खात्याची शिल्लक तक्त्यात साठवून ठेवावी की भरण्यांवरून दर वेळी काढावी?

नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एका लहान पतसंस्थेच्या संगणकीय नोंदींचे काम माझ्याकडे आहे. संस्थेत पिग्मीची, म्हणजे रोजच्या लहान बचतीची, हजार-बाराशे खाती असून एजंट रोज संध्याकाळी पेठेतील दुकाने, खानावळी आणि पिठाच्या गिरण्या फिरून भरणा आणतात. उडुपीच्या ज्या संस्थेला आपण पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखू लागलो, तिने १९२८ साली दारोदार दोन-दोन आणे गोळा करून ही पद्धत सुरू केली आणि आमच्या भागात ती आजही तशीच चालते. हिशेब मात्र मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत, आहे. मोठे बँकिंग सॉफ्टवेअर घेण्याचा विषय संचालक मंडळापुढे येतो आणि पुढच्या बैठकीवर जातो, म्हणून निदान हे आर्थिक वर्ष ॲक्सेसवरच काढायचे आहे असे धरून उत्तर द्यावे, ही विनंती.

रचना साधी आहे. ‘खाते’ या तक्त्यात खाते क्रमांक, खातेदाराचे नाव, एजंट क्रमांक आणि ‘एकूण शिल्लक’ असे रकाने आहेत. ‘भरणा’ या तक्त्यात खाते क्रमांक, तारीख, पावती क्रमांक व रक्कम, तर ‘परतावा’ या तक्त्यात खातेदाराने काढलेल्या रकमा आहेत. दोन्ही तक्ते खाते क्रमांकाने ‘खाते’शी जोडलेले आहेत. ज्यांनी हे मुळात तयार केले, त्यांनी भरण्याच्या फॉर्ममध्ये असा कोड लिहिला आहे की नोंद जतन झाली की ती रक्कम ‘एकूण शिल्लक’मध्ये मिळवली जाते.

अडचण इथेच आहे. एका किराणा दुकानदाराच्या खात्यावर ५० रुपयांऐवजी ५०० रुपये नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून कोणीतरी फॉर्म न उघडता थेट तक्ता उघडून ५०० चे ५० केले. भरण्याची नोंद बरोबर झाली, पण शिल्लक ४५० रुपयांनी जास्तच राहिली, कारण बेरीज करणारा कोड फॉर्मला जोडलेला आहे, तक्त्याला नाही. एजंटच्या मशीनमधील फाइल अपेंड क्वेरीने (तक्त्यात एकदम नोंदी भरणाऱ्या आज्ञेने) आत घेतली की नेमके उलटे होते : फॉर्म उघडतच नाही, त्यामुळे भरणा जमा होतो आणि शिल्लक जागची हलत नाही. आमची रोजची तेरीज, म्हणजे दिवसाचा गोषवारा, ‘भरणा’वरून निघते, म्हणून ती जुळते, पासबुक मात्र ‘एकूण शिल्लक’वरून छापले जाते. म्हणजे कार्यालयात सगळे ठाकठीक आणि फरक सापडतो तो खातेदाराला, तोही काउंटरवर चार माणसांसमोर.

ॲक्सेसमध्ये २०१० पासून तक्त्यातच ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारचा रकाना करता येतो, म्हणून तोही पाहिला. परंतु तो त्याच तक्त्यातील त्याच ओळीपुरता चालतो, दुसऱ्या तक्त्यातील रकमा त्याला दिसत नाहीत. मग तिन्ही तक्ते एका क्वेरीत जोडून बेरीज काढली, तर आकडे भलतेच फुगले. ज्या खात्यावर २६ भरणे आणि २ परतावे आहेत, तिथे भरण्याची बेरीज दुप्पट आणि परताव्याची २६ पट येते. शिवाय ज्यांनी एकदाही पैसे काढलेले नाहीत, अशी खाती यादीतूनच गायब होतात.

जे मोजून काढता येते ते साठवू नये, हा नियम मला माहीत आहे आणि तत्त्वतः पटतोही. तरीही एक शंका राहते. जुन्या कीर्द-खतावणीत प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज घालून ती पुढच्या पानावर ओढली जात असे आणि ३१ मार्चला खाते उघडल्या दिवसापासून कोणी बेरीज करत बसत नसे. ती पद्धत चुकीची होती असे म्हणायला मन धजत नाही. तेव्हा शिल्लक अजिबात साठवू नये, की काही मर्यादेत साठवलेली चालते, आणि चालत असेल तर ती मर्यादा कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या खतावणीच्या उदाहरणातच आहे, कारण तिथे बेरीज पुढे ओढली जाते ती पान भरल्यावर, म्हणजे त्या पानावर आता काही बदलणार नाही हे ठरल्यावर. चालू पानाची शिल्लक पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलेली असली, तरी तिला कोणी नोंद म्हणत नाही. आपल्याकडचा ‘एकूण शिल्लक’ हा रकाना ती पेन्सिलीची नोंद आहे आणि पासबुक तिच्यावरून छापले जात आहे.

म्हणून तो रकाना काढून टाकावा आणि ‘वर्षअखेर’ नावाचा वेगळा तक्ता करावा : खाते क्रमांक, आर्थिक वर्ष, अखेरची शिल्लक. ३१ मार्चचा हिशेब तपासून झाला की प्रत्येक खात्याची एक ओळ त्यात पडेल. त्यानंतर त्या वर्षातील तारखेची कोणतीही नोंद बदलू देऊ नये. चूक सापडली तर चालू तारखेने उलट नोंद घालावी. आजची शिल्लक म्हणजे मागील अखेर, अधिक यंदाचे भरणे, वजा यंदाचे परतावे. चालू वर्षाच्या नोंदींची बेरीज करणे ॲक्सेसला जड नाही. खाते क्रमांक आणि तारीख यांवर इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) तेवढा असावा.

फुगलेल्या बेरजेचे कारण असे की ‘भरणा’ आणि ‘परतावा’ यांचा एकमेकांशी संबंध नसताना ते एकाच जोडणीत आले, त्यामुळे प्रत्येक भरण्यासमोर प्रत्येक परतावा मांडला गेला. आधी दोन स्वतंत्र क्वेरी करून प्रत्येकीत खातेनिहाय एकच बेरीज काढावी आणि मग त्या ‘खाते’ला लेफ्ट जॉइनने जोडाव्यात, म्हणजे परतावा नसलेली खातीही राहतील. अशा खात्यांची बेरीज शून्य न येता रिकामी येते आणि वजाबाकीत रिकामी किंमत आली की उत्तरही रिकामेच येते, म्हणून ती बेरीज रिकाम्याचे शून्य करणाऱ्या एनझेड फंक्शनमध्ये घालायला विसरू नये. माझे मत विचाराल तर दोन्ही तक्ते मोडून ‘व्यवहार’ असा एकच तक्ता करावा आणि जमा की नावे हे एका रकान्यात ठेवावे. मग हा सगळा प्रश्नच उरत नाही.

बेरजेची क्वेरी थेट फॉर्मला जोडली तर तो फॉर्म केवळ वाचण्यापुरता राहतो, त्यात नोंद करता येत नाही. फॉर्म ‘खाते’वरच ठेवून शिल्लक डीसम या बेरीज काढणाऱ्या फंक्शनने एका चौकटीत दाखवावी. यादीत मात्र डीसम वापरू नये; ते प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र बेरीज करते आणि हजार खात्यांच्या यादीला चांगलेच रखडवते.

दुसरा प्रतिसाद

रकाना ठेवायचाच असेल, तर फॉर्मचा कोड काढून तक्त्यावर डेटा मॅक्रो, म्हणजे तक्त्यालाच जोडलेला कोड, लावावा. हीही सोय २०१० पासूनच आहे. नोंद घातल्यानंतर, बदलल्यानंतर आणि पुसल्यानंतर अशा तिन्ही ठिकाणी मॅक्रो लिहिला, तर फॉर्म, थेट तक्ता किंवा अपेंड क्वेरी, बदल कोठूनही आला तरी शिल्लक हलते. त्यात जुनी रक्कम वजा करून नवी मिळवण्यापेक्षा त्या खात्याची पूर्ण बेरीज नव्याने काढून लिहावी. तथापि, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वरील सूचना मला अधिक बरी वाटते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. स्वतंत्र बेरजांची क्वेरी जुन्या फाइलच्या प्रतीवर चालवून पाहिली आणि शंका असलेल्या खात्यांचे आकडे कागदी पावत्यांशी ताडून घेतले. किराणा दुकानदाराच्या खात्यासह ते सगळे जुळले. ‘व्यवहार’ हा एकच तक्ता करण्याचे काम वर्षअखेरनंतर हाती घेईन, कारण मध्येच रचना बदलली तर लेखापरीक्षकांना दोन तऱ्हेची कागदपत्रे द्यावी लागतील.

एक उपप्रश्न आहे. एजंटचे कमिशन दरमहा जमा झालेल्या रकमेच्या टक्क्याने देतात आणि तो टक्का मंडळ अधूनमधून बदलते. कमिशनही मोजूनच काढले, तर दर बदलताच मागील महिन्यांचे आकडेही नव्या दराने दिसू लागतील. तेव्हा दर कोणत्या तारखेपासून लागू आहे याचा वेगळा तक्ता करावा, की महिना संपल्यावर प्रत्यक्ष दिलेली रक्कम व्यवहार म्हणून नोंदवून तिथेच थांबावे? माझा कल दुसऱ्याकडे आहे, परंतु एजंट महिन्याच्या मध्येच अंदाजे किती कमिशन झाले ते विचारतात, आणि त्यासाठी पहिला तक्ताही लागेलच असे दिसते.