शिळा भात कडकडीत गरम करूनही उलट्या का होतात?

वरणभात:
मेसच्या स्वयंपाकासंबंधी विचारतो आहे. दुपारचा उरलेला भात रात्री फोडणीला टाकतात, चांगली वाफ येईपर्यंत परततात. एवढ्या उष्णतेत जंतू मरायला हवेत. तरी असा भात खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या होतात, त्या कशाने? त्याच जेवणात बासुंदीही असेल तर दोष भाताचा की बासुंदीचा, हे कसं ओळखायचं? आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करावं का?

सूक्ष्मदर्शी:
जंतू मरतात, पण त्यांनी आधी करून ठेवलेलं विष मरत नाही. भातातला मुख्य संशयित बॅसिलस सेरियस. हा मातीतला जंतू, त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, तांदळाबरोबरच घरात येतात. बीजाणू भात शिजवतानाच्या उष्णतेला दाद देत नाहीत. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात, आणि स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मेल्यामुळे त्यांना रान मोकळं मिळतं. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि वाढू लागतात.

हिशेब बघा. एका ग्रॅममध्ये १०० जंतू असतील आणि ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होत असतील, तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एक लाखाच्या वर. या पातळीच्या पुढे सेरुलाइड हे विष त्रास देण्याइतकं साठू शकतं. हा छोटा, वलयाकार रेणू १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवला तरी टिकतो, पोटातलं आम्लही त्याचं काही बिघडवत नाही. फोडणी त्याच्यापुढे काय करणार! जठरातून तो पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला चेतवतो आणि अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

बासुंदी-पेढ्यात गुन्हेगार वेगळा: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो आचाऱ्याच्या नाकात, हाताच्या जखमेत, गळवात असतो. दूध आटवताना मरतो, पण थंड झालेल्या खव्याला हात लागला की नव्याने शिरतो. त्याचंही विष उकळल्याने जात नाही. वेळही साधारण तीच, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून भात की बासुंदी हे सांगता येत नाही. बासुंदी न खाणारेही आजारी पडले का, हे आधी विचारा.

टोपझाकण:
केटरिंगवाल्यांसाठी खरा मुद्दा गरम करण्याचा नाही, थंड करण्याचा आहे. शिजलेलं अन्न दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आलं पाहिजे. मोठ्या टोपातला भात झाकून ठेवला तर वरून गार लागतो, पण मधोमध हात घालून बघा, कितीतरी तासांनीही कोमट असतो.

म्हणून भात परातीत पसरा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. वाफ जाईपर्यंत झाकण घट्ट लावू नका. माशांसाठी जाळी पुरे. मग उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, डब्यांच्या मध्ये हवा फिरायला जागा ठेवून. फ्रिज ठासून भरला तर तो थंड करत नाही, नुसतं कपाट होतो. पुन्हा गरम एकदाच करा, आणि उरलं तर टाकून द्या. वाढपाच्या वेळी भात ६० अंशांच्या वरच राहू दे.

बासुंदीचं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. बोटाला जखम असलेल्या माणसाला गोडाजवळ उभं करू नका. हातमोजे घालून त्याच हाताने नाक पुसलं तर मोज्यांचा उपयोग शून्य.

वरणभात:
आणि रात्रीच्या भातात सकाळी दही कालवलं तर?

सूक्ष्मदर्शी:
आंबटपणाने पुढची वाढ मंदावते, पण रात्रभरात झालेलं विष जात नाही. दही कालवायचं तर भात गार होताच.

सलाइन_नको:
शेवटचं जेवण नेहमीच दोषी नसतं. सहा तासांच्या आत उलट्या झाल्या तर अन्नात तयार विषाचा संशय. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि पातळ जुलाब, ताप नाही, उलट्या फारशा नाहीत, असं असेल तर मोठ्या टोपातल्या मटणाच्या रश्श्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो आतड्यात गेल्यावर विष सोडतो. ताप आणि जुलाब सहा ते बहात्तर तासांत असतील तर साल्मोनेलाकडे बघा. शौचात रक्त आणि आव असेल तर शिगेला. त्याचे दहा-शंभर जंतूही पुरतात. टायफॉइडला तर एक ते तीन आठवडे लागतात, कालच्या भेळेला बोल लावण्यात अर्थ नाही.

तयार विषावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. बहुतेकांचा त्रास दिवसभरात ओसरतो. रक्त पडत असेल तर जुलाब बांधणारी गोळी घेऊ नका, डॉक्टरकडे जा. उलट्यांनंतर कावीळ किंवा गुंगी दिसली तर लगेच रुग्णालय. क्वचित सेरुलाइडने यकृत निकामी होतं.

पाणी मात्र पहिल्या तासापासून. शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं. ते विष आतड्याच्या पेशींतून क्षार आणि त्यामागे पाणी बाहेर ओढतं, पण साखर आणि सोडियम मिळून आत शोषले जाण्याची वाट शाबूत राहते. ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचं पाकिटातलं द्रावण, त्याच वाटेने काम करतं, म्हणून नुसतं मीठ-पाणी पुरत नाही. पाकीट घरच्या ग्लासात ओतू नका: एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाणी. घट्ट झालं तर उलट पाणी आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलिचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्याने द्या. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

टोपझाकण:
मेसवाल्याला आणखी एक सांगा. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून, फ्रिजमध्ये ठेवायचा. माणसं आजारी पडली तर तोच तपासता येतो. टोप घासून झाल्यावर भात की बासुंदी हे कुणालाच सांगता येत नाही.