सिंगापूर की हनोई? आईसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. आईने ६८ व्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय. नोव्हेंबरात पाच दिवस तिला कुठे न्यावं?

सिंगापुरात मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट, लिटल इंडियात शाकाहारी जेवण. तिच्या गुडघ्यांची काळजी मिटते. पण तेव्हा तिथे पाऊस, खर्चही जास्त.

व्हिएतनामच्या हनोईत तेव्हा हवा छान असते. १०७० सालचं साहित्य मंदिर (कन्फ्यूशियसचं देऊळ) आहे, आणि गावाच्या मधोमध होआन किएम तळं. रोज ठाण्यातल्या तलावपाळीला फेरी मारणाऱ्या आईला ते फार आवडेल, माझा जीव तिथेच अडकलाय! भीती जुन्या भागातल्या दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडायची, आणि फिश सॉसची. ('चाय' म्हणजे तिथल्या भाषेत शाकाहारी; तशा पाटीची हॉटेलं असतात म्हणे.)

गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना घेऊन हनोईला कोणी गेलंय का? राहायला कोणता भाग निवडलात?